बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग
आज रविवारची सगळी सकाळ मुलुंडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेली. बाबांच्या गाडीचं लेदरचं स्टिअरिंग साफ करायचं कधीपासून मनात होतं.

इतकी वर्षं त्याची चकाकी म्हणजे लेदरचीच चमक, असं मी समजत होतो. ती चमक नव्हतीच, हाताचा घाम आणि तेलकटपणा होता. स्टिअरिंगचं स्वच्छ लेदर सहसा मॅट दिसतं. लेदर क्लीनर थेट स्टिअरिंगवर मारला नाही, कारण मध्ये एअरबॅग, बाजूला हॉर्न आणि बटणं. मऊ ब्रशवर थोडासा घेतला आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवला. फेस चहासारखा तपकिरी! शिलाईच्या टाक्यांमधून तर काय काय निघालं. सगळ्यात जास्त मळ घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी. बाबा तिथेच धरतात, दोन्ही हातांनी. तिथे जरा थांबलोच.

ओलसर मायक्रोफायबरने पुसलं, नीट वाळू दिलं. मग वाटाण्याएवढं लेदर कंडिशनर, पातळ हात, आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून काढलं. हे पुसणं अजिबात टाळू नका, हात घसरला तर जिवाशी गाठ. सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश तर स्टिअरिंगला लावूच नका. आणि सॅनिटायझर लावलात तर हात वाळल्यावरच स्टिअरिंग धरा, अल्कोहोलने वरचा थर खराब होतो.

संध्याकाळी बाबा गाडीत बसले, अंगठा शिलाईवरून फिरवला आणि म्हणाले, "नवीन बसवलंस का रे?"