आमची वाटचाल : लांबी वाढते तेव्हा जाडीचे काय होते

रबरी ओ-रिंग, म्हणजे जोडातून तेल झिरपू नये म्हणून बसवायच्या गोल कड्या, बनवण्याचा आमचा व्यवसाय एक हँड प्रेस आणि दोन साचे एवढ्यावर सुरू झाला. पहिल्याच मोठ्या ऑर्डरचा सगळा माल परत आला. मापे ड्रॉइंगप्रमाणे अचूक होती, तरीही रिंग बसवल्यावर तेल झिरपत होते. कारण सापडायला बरेच दिवस गेले : आम्ही रिंग सुटी असताना मोजत होतो आणि ग्राहक ती १० टक्के ताणून पिस्टनच्या खाचेत बसवत होता.

पदार्थ लांबीच्या दिशेने ताणला की बहुधा आडव्या दिशेने आकसतो. या आकुंचनाचे लांबीतील वाढीशी जे गुणोत्तर असते, त्याला फ्रेंच गणितज्ञ सिमेऑं दनी पॉयसन यांच्या नावावरून पॉयसन्स रेशो म्हणतात. पोलादासाठी ते सुमारे ०.३ असते. रबरासाठी मात्र ते ०.५ च्या अगदी जवळ पोहोचते, कारण ताणल्याने रबराचे घनफळ जवळजवळ बदलत नाही, आणि लांबीत पडलेली भर रुंदी व जाडी या दोहोंतून भरून निघावी लागते. त्यामुळे आमची ५ मिलिमीटर जाडीची रिंग ताणल्यावर सुमारे ४.७७ मिलिमीटर उरत होती. ती बसवल्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर दाबली जाणार होती. त्यातला जवळजवळ निम्मा दाब असा ताणातच संपत होता. मोठ्या ताणाला ०.५ ने सरळ गुणूनही चालत नाही : लांबी दुप्पट केली तर रुंदी निम्मी न होता सुमारे ७१ टक्के राहते.

पुढची चूक उलट दिशेची होती. गळतीच्या भीतीने आम्ही खाच पूर्ण भरेल एवढे जाड रबर दिले आणि झाकण बसेचना. दाबलेल्या रबराला बाजूला फुगायला जागा लागते. बाटलीच्या बुचाला ती फारशी लागत नाही, कारण त्याचे गुणोत्तर शून्याजवळ असते.

आता ऑर्डर घेताना आम्ही आधी विचारतो, की रिंग बसवताना किती ताणली जाणार आहे, आणि तितक्याच ताणावर ती मोजूनच माल पाठवतो.

रबराच्या अगदी उलट, संशोधक रॉडरिक लेक्स यांनी १९८७ मध्ये ताणल्यावर रुंद होणारा फोम दाखवला होता. तिन्ही बाजूंनी दाबून, तापवून आणि मग थंड करून तसा एक तुकडा आम्हीही करून पाहिला. तो हातात ताणताना खरोखरच फुगतो, आणि नव्या कामगाराला आम्ही रबराच्या पट्टीशेजारी तोच आधी ताणायला देतो.