तपकिरी बाटली

रविवारची नदीफेरी होऊन चार दिवस झाले, तरी ती बाटली डोक्यातून जात नाही.

मी सांगलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. महिन्यातून एका रविवारी लोकांना घेऊन कृष्णाकाठानं चालतो. नदी पुन्हा जिवंत करायची तर आधी लोकांनी तिच्याकडं बघायला हवं, एवढाच हेतू. लोकांना वाटतं फेरी म्हणजे बोलणं. खरं काम आधीच्या चकरेत होतं. कुठली पायरी शेवाळानं निसरडी झालीये, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कुठं साचलंय, मगर कुणाला दिसली का, हे सगळं विचारून ठेवायचं. यावेळी शनिवारी कॉलेजात परीक्षा होती, म्हणून चक्कर गुरुवारीच उरकली. तिथंच चुकलं.

सुरुवात आयर्विन पुलापासून. इथं नदीची पातळी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलेलं. इथं प्रत्येकाला आपल्या घरातली पुराच्या पाण्याची रेघ सांगायची असते. त्यात वीस मिनिटं जातात, मी अडवत नाही.

तिथून शेरी नाला. शहराचं सांडपाणी याच वाटेनं नदीत येतं. ते उपसून धुळगावच्या शेतांकडं न्यायची योजना आहे, पण उपसा थांबला की नाला आपली जुनी वाट धरतो. फेरीतली माझी बाटली इथं निघते.

तीनशे मिलीची, काचेचं घट्ट झाकण असलेली बाटली. ती पाण्याखालीच भरायची, आत एक बुडबुडा राहिला तरी हवेतला ऑक्सिजन हिशोबात येतो. मग मँगनीज सल्फेट, त्यामागून अल्कली आयोडाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून हळूच सोडायचं. झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर दुधासारखा पांढराच राहतो. यंत्र नको, आकडा नको. उन्हाळ्याच्या तोंडाला, नदी आटलेली असताना, इथली बाटली पांढरी येते आणि चाळीस माणसं गप्प होतात. खोटं कशाला बोलू, त्या शांततेची मला चटक लागली होती.

रविवारी बाटली तपकिरी झाली.

फिकट नाही, चांगली चहासारखी. पुढं उभे असलेले एक निवृत्त साहेब म्हणाले, "म्हणजे झाली की नदी साफ! उगंच ओरड चाललीय तुमची." लोक हसले. दोघांनी फोटो काढले. आमच्या स्वयंसेवकानं हळूच विचारलं, "सर, औषध जुनं झालंय का?" मलाही तसंच वाटलं. क्षणभर वाटलं, तसंच सांगून मोकळं व्हावं.

मागं मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्या, एक आज्जी उभ्या होत्या, वांग्याची पाटी खाली ठेवून मघापासून बघत. त्या म्हणाल्या, "आरं बाबा, परवा रातच्याला कोयनंचं पाणी आलंय की. ही पायरी कोरडी हुती. तू नदीचं पाणी भरलंस, नाल्याचं न्हाई."

खाली बघितलं. गुरुवारी मी ज्या पायरीवर उभा होतो ती दोन हात पाण्याखाली होती आणि नाल्याचं तोंड बुडालेलं. कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिकडच्या धरणातून पाणी सोडलं की पुढं सांगलीत नदी भरते, हे मी दरवेळी लोकांना सांगतो. पण पायरी आज्जींनी बघितली, मी बाटली बघत होतो.

मग दुसरी बाटली घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला गेलो, काळ्या गाळात घोट्यापर्यंत. पांढरी शुभ्र आली. साहेब म्हणाले, "गटारातनं भरल्यावर दुसरं काय येणार?" यात त्यांचं काय चुकलं, ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हणालो, ऑक्सिजन आहे म्हणजे पाणी स्वच्छ असं नाही, त्यात जंतू किती हे ही बाटली सांगत नाही. पण ऊन चढलं होतं, लोक सावली शोधत होते, आणि हरलेल्या माणसाचं स्पष्टीकरण कोण ऐकतं.

सोमवारी दोन्ही बाटल्यांचं टायट्रेशन केलं, म्हणजे ऑक्सिजन नेमका किती ते मोजलं. पहिलीत प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन निघाला, म्हणजे आंघोळीच्या पाण्याला लागतो तेवढा. दुसरीत स्टार्च टाकूनही निळा रंग धरला नाही, म्हणजे ऑक्सिजन नाहीच. दोन्ही नोंदी वहीत आहेत. 'ठिकाण' या रकान्यात मी इतके महिने नुसतं 'शेरी नाला' लिहीत आलो. पाणी कितव्या पायरीवर होतं, हे एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे आधीच्या पांढऱ्या बाटल्या तरी नक्की कशाच्या होत्या?

आता आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तपकिरी बाटलीचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, 'कृष्णामाई शुद्ध.' बायकोनं काल विचारलं, उत्तर का देत नाही? तीनदा लिहायला घेतलं. फोटो खरा आहे, बाटली माझी आहे, हातही माझाच दिसतोय.