ट्रकला बंदी, सायकलला वाट

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून वेल्सला निघालं की सेव्हर्नची खाडी आडवी येते. तिच्यावरच्या 1966 सालच्या झुलत्या पुलावर मे 2025 पासून साडेसात टनांवरच्या गाड्यांना बंदी आहे. मुख्य केबलच्या तारा आतून गंजल्यात. अवजड वाहनं खालच्या अंगाच्या 1996 च्या पुलावर वळवली आहेत. पायी आणि सायकलवाले मात्र अजून याच म्हाताऱ्या पुलावरून जातात, तेही फुकट.

वाट दोन्ही कडांना, केबलच्या बाहेरून काढलेली. इंग्लंडकडच्या ऑस्टपासून वेल्समधल्या चेपस्टोपर्यंत वाय नदीवरचा पूल धरून जवळपास तीन किलोमीटर; रमतगमत चाललं तर पाऊण तास. देखभालीच्या गाड्याही याच वाटेनं येतात, म्हणून काम निघालं की एक बाजू बंद होते. निघण्याआधी कुठली उघडी आहे ते पाहावं, कारण मध्ये मोटरवे असल्यानं पुलावर बाजू बदलता येत नाही. चुकलात तर मुकाट मागे फिरायचं.

खरा त्रास वाऱ्याचा. तो बहुतेकदा नैर्ऋत्येकडून, म्हणजे बरगडीत बसतो. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूनं जाताना मनोऱ्यापाशी तो क्षणभर थांबतो आणि मनोरा संपला की फाडकन आदळतो. सायकल हातभर सरकते. तिथं उतरून हातात धरलेली बरी. सांध्यांवरच्या पोलादी पट्ट्या ओल्या असल्या तर चाक काटकोनातच घालावं, तिरकं गेलं की घसरलंच.

अटल सेतूवर पादचारी, सायकल, दुचाकी, रिक्षा सगळ्यांनाच मज्जाव. आता लगेच आपल्या लोकांना नावं ठेवू नका: तो 21.8 किलोमीटर आहे, एप्रिलच्या उन्हात चालून दाखवा! आणि इथल्याही 1996 च्या पुलावर, पाच किलोमीटरच्याच, पादचाऱ्याला जागा नाही. तेव्हा गोरे फार शहाणे, असं काही नाही. वांद्रे-वरळी सी लिंक मात्र 5.6 किलोमीटरच आहे. तिथं उन्हाची सबब जरा तोकडी पडते, हे मान्य.

जायचं तर ओहोटी गाठावी. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक फार तर पाच मीटर, इथं मोठ्या उधाणाला चौदा मीटरपर्यंत जातो. पाणी उतरलं की खाली चिखलाचे तपकिरी पट्टे आणि काळे खडक उघडे पडतात, आणि पूल किती उंच आहे ते तेव्हा कळतं.