तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ लागते, पण दुखत नाही

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. ‘आंघोळ करताना एका बाजूच्या गोटीला गाठ लागली. दुखत अजिबात नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?’ विचारणारा बहुधा विशी-तिशीतला असतो. कधी त्याच्या वतीनं बायको विचारते, कारण त्याला लाज वाटते.

न दुखणं हा इथे दिलासा नाही. वृषणाच्या कॅन्सरची नेहमीची सुरुवात अशीच असते: टणक, न दुखणारी गाठ, किंवा एक वृषण हळूहळू मोठं आणि जड वाटू लागणं. साधारण दहातल्या एखाद्यालाच पहिल्यापासून जोरात दुखतं, तेही गाठीच्या आत रक्तस्राव झाला तर. बाकीच्यांचं सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि त्यामुळेच महिने निघून जातात. म्हणून या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे. भारतात वर्षाला दर लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी रुग्ण आढळतात. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये हे प्रमाण दहाच्या आसपास आहे. दुर्मीळ असल्यामुळे आपल्याकडे तो पटकन कोणाच्या मनात येत नाही. रुग्णाच्या नाहीच, कधी कधी पहिल्या डॉक्टरांच्याही नाही. पण तो गाठतो पंधरा ते चाळीस या वयातल्या माणसाला. आणि लवकर सापडला, वृषणापुरताच असला, तर शंभरातले जवळजवळ सगळे बरे होतात. इतकं चांगलं उत्तर असलेल्या आजारात संकोचापायी कोणी मागे पडावं, हे आम्हाला मान्य नाही.

आधी स्वतःचं नेहमीचं काय आहे ते ओळखा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर त्वचा सैल पडते, तेव्हा उभ्यानं तपासा. एका वेळी एकच वृषण घ्यायचं. अंगठा वर, दोन बोटं खाली, आणि मधे ते हलकेच फिरवायचं. निरोगी वृषण सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं लागतं, गुळगुळीत आणि किंचित दबणारं. लांबी चार-पाच सेंटिमीटर. मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत मऊ, दोरीसारखा एक भाग लागतो. ती शुक्राणू साठवणारी नळी, एपिडिडायमिस. अनेकजण तिलाच गाठ समजून घाबरतात. एक बाजू, बहुधा डावी, जरा खाली लोंबते आणि एक वृषण दुसऱ्याहून थोडं मोठं असू शकतं, हेही नेहमीचंच. शोधायचं ते वेगळंच: खुद्द वृषणाच्या अंगात रुतलेला कडक भाग, मग तो तांदळाच्या दाण्याएवढा असो की लिंबाएवढा, किंवा आधीपेक्षा झालेला बदल. तक्रार नसलेल्या प्रत्येकानं दरमहा नेमानं तपासल्यानं जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तज्ज्ञ संस्था सक्ती करत नाहीत. पण ज्यांचं वृषण लहानपणी खाली उतरलेलं नव्हतं, किंवा ज्यांच्या वडिलांना वा भावाला हा आजार झाला, त्यांनी महिन्यातून एकदा हात लावून पाहावं, असं आमचं मत आहे.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, बहुतेक नसतातच. वृषणापासून वेगळी, मागे-वर लागणारी मऊ गोळी बहुधा एपिडिडायमिसची पाण्याची गाठ असते. डाव्या बाजूला वरच्या भागात शिरांचा गुंता लागतो आणि आडवं झालं की नाहीसा होतो, ते व्हेरिकोसील. खोकल्यावर जांघेतून खाली उतरणारा फुगवटा म्हणजे हर्निया. ताप, लघवीला जळजळ आणि सूज एकत्र असेल तर जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त. पण प्रतिजैविकांचा दोन आठवड्यांचा कोर्स संपूनही कडकपणा तसाच राहिला, तर दुसरा कोर्स नको, सोनोग्राफी हवी. तरुणाला अचानक असह्य कळ आली, उलटी झाली, एक बाजू वर ओढल्यासारखी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे आठवड्याचा नाही, तासांचा प्रश्न असतो. सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता मोठी. रात्र असली तरी निघायचं.

अंडवृद्धीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गफलत तिथे होते. वृषणाभोवती पाणी साचतं, टॉर्च लावला की पिशवी लालसर उजळते, म्हणजे हायड्रोसील, असं निदान खेडोपाडी केलं जातं. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे हा त्रास इतक्या लोकांना असतो की कोणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. पण वृषणातल्या गाठीमुळेही भोवती पाणी साचू शकतं. पाण्यानं ताणलेल्या पिशवीत आतलं वृषण हाताला लागत नाही, आणि टॉर्चचा उजेड पाणी आहे एवढंच सांगतो, पाण्यात काय लपलंय ते नाही. विशी-तिशीतल्या माणसाला नव्यानं हायड्रोसील झालं असेल, तर सोनोग्राफीशिवाय पाणी काढू देऊ नका आणि ऑपरेशनची तारीखही घेऊ नका.

ते का, हे समजायला वृषण शरीरात कुठून येतं ते माहीत असावं लागतं. गर्भात ते पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि जन्माआधी जांघेतून खाली सरकतं. येताना रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (शरीरातला लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) बरोबर घेऊन येतं. त्यामुळे वृषणाचा कॅन्सर पसरतो तेव्हा सहसा आधी पोटात मागे, महाधमनीच्या कडेच्या लसिकाग्रंथींत जातो, जांघेत नाही. अंडकोषाच्या, म्हणजे बाहेरच्या पिशवीच्या, त्वचेच्या लसिकावाहिन्या मात्र जांघेत जातात. म्हणून अंडकोषातून सुई घातली किंवा चीर दिली, तर कॅन्सरला जांघेकडची नवी वाट उघडते आणि पुढचे उपचार किचकट होतात. इतर अवयवांच्या गाठींत सुईनं तुकडा काढून तपासणं योग्य असेल, इथे ते चुकीचं आहे. कोणी ‘आधी सुईची तपासणी करू’ म्हणालं, तर नम्रपणे नकार द्या आणि युरोलॉजिस्ट किंवा कॅन्सर सर्जन गाठा.

याच प्रवासामुळे काही लक्षणं भलत्याच ठिकाणी दिसतात. पोटातल्या या ग्रंथी वाढल्या की कंबर आणि पाठ दुखते, आणि तरुण माणूस महिनोन् महिने मणक्याचे उपचार घेत बसतो. डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ येणं, न थांबणारा खोकला, खोकल्यातून रक्त, ही पुढची पायरी. वृषणातल्या काही गाठी एचसीजी हे संप्रेरक बनवतात. त्यामुळे छाती स्त्रियांसारखी वाढते आणि दुखते. तरुणाला यातलं काही होत असेल, तर डॉक्टरांनी अंडकोष तपासायलाच हवा. त्यांनी तपासला नाही, तर तुम्ही सांगा.

घट्ट अंतर्वस्त्रं, हस्तमैथुन, दुचाकी किंवा क्रिकेटचा चेंडू लागणं यामुळे हा कॅन्सर होत नाही. मार लागल्यावर हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, इतकंच. ठाऊक असलेलं सगळ्यात ठळक कारण म्हणजे न उतरलेलं वृषण. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी एक बाजू रिकामी लागत असेल, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावं. तेरा वर्षांच्या आधी झालं तर पुढे कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट राहतो, त्यानंतर झालं तर पाचपटीच्या आसपास जातो. ‘मोठा झाला की उतरेल’ असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही सांगितलं, तरी सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते.

सोनोग्राफीत गाठ वृषणाच्या आत दिसली, की ऑपरेशनच्या आधी तीन रक्ततपासण्या लागतात: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे हे पदार्थ आहेत. आधीच लागतात, कारण नंतरचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे असतात. गाठ निघाल्यावर एएफपी पाच ते सात दिवसांत निम्मं व्हायला हवं, एचसीजी एक ते तीन दिवसांत. म्हणजे एएफपी १००० होतं, तर तीन आठवड्यांनी ते १२५ किंवा कमी दिसलं पाहिजे. तसं उतरलं नाही, तर कॅन्सर कुठेतरी शिल्लक आहे असं धरून पुढे जायचं. मात्र तिन्ही आकडे सामान्य आले म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. सेमिनोमा ही या कॅन्सरची एक मुख्य जात, आणि अनेक सेमिनोमांमध्ये ते सामान्यच असतात. आणि अहवालात नुसता सेमिनोमा लिहिलाय पण एएफपी वाढलेलं आहे, तर यकृताचा आजार नाही ना हे पाहून ती गाठ दुसऱ्या जातीची मानून उपचार होतात. कारण शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही.

ऑपरेशन जांघेतून होतं. हर्नियासारखी चीर देऊन वृषण आणि त्याच्या रक्तवाहिन्यांची दोरी वरपर्यंत काढतात. एक-दोन दिवसांत घरी सोडतात. उरलेलं एक वृषण निरोगी असेल तर संप्रेरक आणि ताठरता दोन्हींना बहुधा पुरतं. दिसण्याचं मनाला लागत असेल तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं. ते मागायला संकोचू नका. मूल हवं असेल किंवा अजून ठरलं नसेल, तरी वीर्य साठवून ठेवा. शक्यतो ऑपरेशनच्या आधी, आणि केमोच्या आधी तर नक्की. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. अविवाहित मुलाला हे घरच्यांसमोर विचारता येत नाही, म्हणून डॉक्टरांनीच त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारावं.

पुढचे उपचार गाठीची जात आणि सीटी स्कॅन पाहून ठरतात. वृषणापुरत्याच असलेल्या सेमिनोमात पुष्कळदा नुसतं नियमित तपासत राहणं पुरतं. शंभरातल्या पंधरा-वीस जणांत तो परत येतो आणि तेव्हाही बरा होतो. पसरलेला असेल तर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लाटिन ही केमोची तीन औषधं. दर एकवीस दिवसांनी एक, अशी तीन किंवा चार आवर्तनं. डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात सिस्प्लाटिन वापरायला सुरुवात केली आणि शरीरभर पसरलेला हा कॅन्सरही बरा होऊ लागला. युवराज सिंगच्या दोन फुफ्फुसांमधल्या जागेतली गाठ याच कुळातला सेमिनोमा होती आणि २०१२ मध्ये त्याचे उपचार आइनहॉर्न यांच्याकडेच झाले. तीच औषधं परळच्या टाटा रुग्णालयात मिळतात, इतर कॅन्सर केंद्रांतही मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा.

केमोत तारीख पाळणं फार महत्त्वाचं. गावी जाऊन चार-आठ दिवस उशिरा परतलं की औषधाचा परिणाम घटतो, म्हणून नऊ ते बारा आठवडे रुग्णालयाच्या जवळपास राहायची सोय आधी करा. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही, लगेच दाखल व्हायचं. विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण ब्लिओमायसिन फुफ्फुसांना इजा करतं. कानात गुंई आवाज किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर पुढच्या आवर्तनाआधी सांगा.

नंतरची तपासणी सहसा पाच वर्षं चालते, पहिली दोन सगळ्यात काटेकोर. दुसऱ्या वृषणावरही लक्ष ठेवायचं. आणि डिस्चार्जचा कागद, ज्यावर ब्लिओमायसिनची एकूण मात्रा लिहिलेली असते, तो जपून ठेवा. दहा वर्षांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन असलं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आधी दाखवा. या औषधानंतर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास फुफ्फुसांना धोका पोचू शकतो.