परसाची थीम

बुधवार, रात्री अकरा

बंगळूरहून परतून तीन दिवस झाले, धुणे वाळून त्याच्या घड्या झाल्या, बॅग माळ्यावर गेली, तरी चिमीचा तो प्रश्न मनातून उतरत नाही. प्रश्न लहान होता आणि विचारणारीही लहानच. लालबागेतल्या एका बाकावर मी गुडघे चोळत बसले असताना तिने शेंगदाणे खाता खाता विचारले, "आजी, तुझ्या परसाची थीम काय आहे?"

मला उत्तर देता आले नाही. "परसाला कसली आलीय थीम," असे काहीतरी मी पुटपुटले आणि बाळूने लगेच विषय बदलला. त्याने तो का बदलला हे मला कळते, पण त्याविषयी आज लिहायचे नाही.

चिमीचे काही चुकले नव्हते, कारण सकाळपासून तिने तेच पाहिले होते. गुलाबांच्या बागेत गुलाबच, तळ्यात कमळेच, एका आवारात बोन्साय, दुसरीकडे कात्रीने आकार दिलेली झुडपे आणि त्यापुढे फुलांचे घड्याळ. जो तो आपापल्या कुंपणात, आपापल्या पाटीखाली. बोन्सायच्या आवारात माझा पाय बराच वेळ निघेना. परातीएवढ्या उथळ कुंडीत वडाच्या जातीचे एक झाड होते. त्याचे खोड म्हाताऱ्याच्या कोपरासारखे सुरकुतलेले, पाने मात्र नखाएवढी, आणि एका फांदीवर तार गुंडाळल्याचा वळ अजून दिसत होता. चिमीला ते फार आवडले. मला त्या वळाकडे पाहवेना, आणि तरी मी पाहतच राहिले.

आमच्या परसात कोणतेही झाड कोणी ठरवून लावलेले नाही. मोरीच्या तोंडाशी केळी आणि अळू, विहिरीच्या कडेला सोनचाफा, स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, पार टोकाला शेवगा, मधल्या जागेत आंबा, आवळा, बेल, आणि विहिरीच्या चिऱ्यांतून आपोआप उगवलेला उंबर, जो दरवर्षी तोडायचा असे ठरते आणि दरवर्षी राहून जाते. अबोली कुठे उगवेल याचा नेम नाही. सासूबाईंनी आवळा लावला तो कार्तिकातल्या आवळीभोजनासाठी, आणि आंबा तर कोणीतरी टाकलेल्या कोयीचा. परवा रात्री झोप येईना तेव्हा मी अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब मांडून पाहिला. हल्ली ठिकठिकाणी नक्षत्रवने करतात, सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडे लावतात. निदान त्यात तरी आपले परसू बसते का, हे पाहावे म्हटले. भरणीचा आवळा, कृत्तिकेचा उंबर, चित्रेचा बेल, पूर्वाभाद्रपदेचा आंबा. चारच भरली. तेवीस नक्षत्रे आमच्या घरावर रुसलेली निघाली.

तेव्हा हसू आले नाही. उलट वाटले की परसाचेच कशाला, माझे तरी सारे असेच झाले आहे. जे समोर आले ते केले, जिथे ओल सापडली तिथे मूळ धरले, आणि आता नातीने विचारल्यावर ह्या सगळ्याला एका शब्दाचे नाव देता येत नाही. क्रुंबिगेल नावाचा जर्मन माणूस बडोद्याच्या बागांचे काम करून १९०८ मध्ये लालबागेत आला. बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावताना त्याने अशी आखणी केली की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा आणि वर्षभर कुठे ना कुठे फुले असावीत. बाळू हे मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, असतात बाबा अशी माणसे, ज्यांना पुढचे बारा महिने दिसतात. मला पुढचा आठवडा दिसत नाही. परसातल्या बांधकामाच्या नकाशावरही मी चष्मा न लावताच सही केली. ते असते तर... असो.

आज दुपारी मात्र प्रश्नाने वेगळीच कूस बदलली. भाजीची टोपली झाडायला घेतली, तर तळाशी एक सीमेबदनेकायी, म्हणजे चौचौ म्हणतात ती फळभाजी, सापडली. प्रवासाच्या आधी आणलेली, विसरलेली, आणि तिला चक्क कोंब आलेला. ह्या फळाची मोठी गंमत असते. आत एकच बी, आणि ती फळातून बाहेर न पडताच रुजते. खालच्या चिरेचे ओठ विलग होतात आणि जीभ बाहेर काढावी तसा हिरवा कोंब डोकावतो. म्हणून बी वेगळी काढून पेरायची नसते, अख्खे फळच मातीत ठेवायचे असते. मला हे भिंतीपलीकडच्या शेजारणीने, नीलव्वाने शिकवले. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिने भिंतीवरून असेच एक कोंब आलेले फळ माझ्या हातात दिले आणि "हित्तलात ठेव" म्हणाली. हित्तल म्हणजे परसू एवढे मला तेव्हा कळत होते, पुढचे कानडी तिच्याच भिंतीशी उभे राहून आले. "सीमे" म्हणजे परमुलखातले आणि बदनेकायी म्हणजे वांगे, हे समजायला मला काही वर्षे लागली. तोवर मी त्याचा अर्थ सीमेवरचे वांगे असाच धरून चालले होते. ह्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

आणि हे परमुलखातले वांगे ह्या भागात आणले कोणी, तर लालबागेनेच. जॉन कॅमेरून १८७४ मध्ये त्या बागेचा प्रमुख झाला. काचघराची पायाभरणी झाली तीही त्याच्याच काळात, १८८९ मध्ये, आणि अमेरिकेकडची ही फळभाजी इकडे रुजवण्याचे श्रेयही त्यालाच देतात. म्हणजे चिमी ज्या बागेत बसून मला परसाची थीम विचारत होती, तिथलाच एक वेल कोणाकोणाच्या हातांतून, कोणाकोणाच्या भिंतींवरून शहापुरात आमच्या मोरीपर्यंत येऊन पोहोचला होता, आणि मी तिथे बाकावर निरुत्तर बसले होते.

मग कोंब हातात घेऊनच मी परसात गेले आणि सगळीकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. केळी मोरीशी का, तर भांड्यांचे पाणी आपसूक तिकडे जाते म्हणून. अळू केळीच्या सावलीला का, तर तिथली माती कधी सुकत नाही म्हणून. कढीपत्ता दाराशी, कारण फोडणी जळायच्या आत हात पोहोचला पाहिजे. शेवगा टोकाला, कारण त्याचे लाकूड ठिसूळ आणि वाऱ्यापावसात फांदी कौलांवर पडलेली कोणाला परवडत नाही. सोनचाफा विहिरीशी, कारण पाणी शेंदणाऱ्या बाईला तेवढाच वास. ठरवून लावले नव्हते असे मी वर लिहिले आहे, ते आता मला पटत नाही. ठरवणारे कोणीतरी होते, फक्त त्यांनी पाटी लावली नाही. चिमीला उत्तर द्यायचेच झाले तर सांगावे लागेल, की तुझ्या आजीच्या परसाची थीम सांडपाणी आहे. सूनबाई मोठ्याने हसेल, आणि चिमी तो शब्द शाळेत सांगेल ह्याची मला खात्री आहे.

बांधकाम पावसाळा संपल्यावर सुरू होणार, असे बाळूने फोनवर पुन्हा सांगितले. नकाशात मोरीच्या जागी दोन गाड्या उभ्या आहेत. म्हणजे हातात चार महिने आहेत, आणि पाऊस मिळाला तर तेवढ्यात ह्या वेलाला भिंत चढून पलीकडे उतरायला काहीच अडचण नाही. फळ मी सध्या वाटीत ओल्या फडक्यावर ठेवले आहे. मोरीच्या कडेची माती उद्या सकाळी उकरून पाहायची आहे. भिंतीपलीकडे आता कोण भाडेकरू राहतात, त्यांना वेल आलेला चालेल का, हे मात्र आधी विचारायला हवे.