पन्नास वसंत

रविवार, रात्री

आजची संध्याकाळ इंग्लिश संगीतकार जॉर्ज बटरवर्थच्या गाण्यांत गेली. इंग्लिश कवी ए. ई. हाउसमनचा 'अ श्रॉपशर लॅड' हा कवितासंग्रह १८९६ साली निघाला. त्यातल्या सहा कवितांना बटरवर्थने लावलेल्या चाली १९११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. गाणारा एक, साथीला फक्त पियानो.

पहिलं गाणं चेरीच्या झाडाचं. ईस्टरच्या सुमारास रानवाटेच्या कडेला चेरी पांढरीशुभ्र फुललीय आणि वीस वर्षांचा एक मुलगा तिच्याकडे बघत हिशेब मांडतो. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं, वीस सरली, उरले पन्नास वसंत. एवढा बहर बघायला पन्नास वसंत कुठले पुरायला! म्हणून तो रानात निघतो. सगळी मिळून बारा ओळींची कविता. सुरुवातीला पियानोचे सूर पाकळ्या गळाव्यात तसे वरून खाली येतात, मग आवाजही वरच्या सुरावर लागून उतरत जातो. गाणं वसंताचं, पण चाल उतरती. बहर आणि त्याचं ओसरणं पहिल्याच ओळीत एकत्र ऐकू येतं. मी पुन्हा पुन्हा तेवढीच ओळ लावत राहिले.

बटरवर्थ पहिल्या महायुद्धात, ५ ऑगस्ट १९१६ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला. वय ३१. हे कळल्यावर त्या पन्नास वसंतांचा हिशेब ऐकवत नाही, आणि म्हणूनच बहुतेक लोक हे गाणं युद्धाचं शोकगीत म्हणून ऐकतात. मला ते मान्य नाही. चाल बांधली तेव्हा युद्ध कुठेच नव्हतं. तो गावोगाव फिरून लोकगीतं टिपून घेत होता, मॉरिस हा इंग्लंडचा लोकनाच नाचत होता. चालींतला साधेपणा तिथून आलाय. दुःख कवितेतच आहे आणि ते त्या मुलाचं आहे, विशीत पहिल्यांदा वर्षं मोजणाऱ्याचं. त्याला सैनिकाचा गणवेश चढवला की तो मुलगाच दिसेनासा होतो. लढायला फ्रान्सला जाण्याआधी बटरवर्थने आपली बरीच हस्तलिखितं नष्ट केली. जे थोडं उरलं, ते तरी त्याच्या मूळ ऋतूत ऐकावं.

रात्री 'ब्रीडन हिल' ऐकलं, तेही हाउसमनच्याच कवितेवरचं बटरवर्थचं गाणं. उन्हाळ्यातली रविवारची सकाळ, टेकडीवर तो आणि त्याची प्रेयसी पहुडलेली, खाली गावोगावच्या चर्चच्या घंटा. ती दोघं जात नाहीत, लग्नाच्या दिवशी येऊ म्हणतात. हिवाळ्यात, नाताळच्या दिवसांत, ती एकटीच चर्चला जाते, कारण ती मेलेली असते. तेव्हा एकच घंटा वाजते. दुसरा इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स, त्याने हीच कविता १९०९ मध्ये पियानो आणि चार तंतुवाद्यांवर बसवली. त्याचा उन्हाळा जास्त देखणा आहे, उकाड्याची झाक थेट जाणवते. तरी मला बटरवर्थचंच जवळचं वाटतं. त्याच्याकडे गोष्ट सांगणारा माणूस पुढे असतो, निसर्गदृश्य मागे.