पोपड्याखाली

माझ्या मोटारसायकलच्या इंजिनाचे उजव्या बाजूचे झाकण, म्हणजे क्लच कव्हर, काळे होते, असे आता म्हणावे लागते. गेल्या पावसाळ्यानंतर त्यावर काळ्यापेक्षा राखाडीच अधिक दिसू लागले होते. सुरुवात नखाएवढ्या एका फोडाने झाली. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याला उतरताना पुढच्या चाकाने उडवलेला एखादा खडा तिथे लागला असावा, असा माझा अंदाज आहे. त्यानंतर समुद्रकाठची खारी हवा आणि परतीच्या वाटेवरचा घाटातला पाऊस यांची भर मीच घातली, आणि घरी आल्यावर गाडी न धुता ताडपत्रीखाली ओलीच उभी केली. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या रात्री, सकाळी गाडीला झेंडूची माळ घालायची आहे एवढ्याच घाईने, मी त्या फोडावर ब्रशने काळा रंग फासला. हळदकुंकू लागले, नारळ फुटला, आणि संक्रांतीच्या आतच माझा रंग आजूबाजूच्या मूळ रंगालाही सोबत घेऊन उचलला गेला.

पोपडा हा शब्द आमच्याकडे भिंतींसाठी राखून ठेवलेला आहे. जून ते सप्टेंबर ज्या गावात वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही, तिथे चुन्याचे पोपडे हा घराचा एक अवयवच असतो. नखाने पोपडा काढायचे सुख लहानपणी प्रत्येकाने घेतलेले असते आणि त्यासाठी प्रत्येकाने बोलणीही खाल्लेली असतात. तोच हात मी एका रविवारी इंजिनावर चालवला, तर दोन बोटे रुंदीची पापडी अलगद निघाली आणि खालच्या धातूवर वाळवीने लाकडावर काढाव्यात तशा बारीक, वळणावळणाच्या पांढऱ्या रेषा दिसल्या. रंगाला तडा गेलेल्या जागेतून क्षार आणि दमट हवा आत शिरली की ॲल्युमिनियमवर असा दोऱ्यासारखा गंज पुढे पुढे सरकतो, आणि वरचा रंग शेवटपर्यंत धडधाकट दिसत राहतो. म्हणजे मी मागच्या वर्षी रंग दिला तो धातूवर नव्हे, गंजाच्या पांढऱ्या पुडीवर दिला होता.

या पुडीची गंमत अशी की ती मुख्यतः पाणी धरून बसलेले ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच असते. आमच्या बेळगावातच, यमनापूरला, बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना नावाची तिच्या जवळच्या नात्यातली पांढरी पूड काढणारा मोठा कारखाना आहे. माणसाने एवढ्या खटपटीने मातीतून पूड आणि पुडीतून धातू काढावा, आणि त्या धातूने माझ्या अंगणात, एका पावसाळ्यात, बिनबोभाट पुन्हा पुडीकडे निघावे!

या वेळी सगळे खरवडूनच काढायचे ठरवले. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, त्यामुळे ऑइल त्या बाजूला जाते आणि उजवे कव्हर ऑइल न काढताही उघडता येते; पण ऑइल बदलायला झालेच होते, म्हणून ते आधी काढून घेतले. मागच्या ब्रेकचे पेडल आडवे येत होते ते सोडवले, क्लचची केबल मोकळी केली आणि बोल्टकडे वळलो. ते अकरा होते आणि त्यांच्या लांबी तीन प्रकारच्या होत्या. इथे चूक झाली तर लांब बोल्ट आखूड भोकाच्या तळाला टेकून कव्हर आवळत नाही, आणि आखूड बोल्ट लांब भोकात चार आट्यांवर लटकून ते आटेही घेऊन बाहेर येतो. म्हणून कुंदा या आमच्याकडच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणावर कव्हराची आकृती काढली आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच भोक पाडून खोचत गेलो. बेळगावच्या कुंद्याची ख्याती दूरवर आहे, पण त्याच्या पुठ्ठ्याच्या गुणांकडे कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

कव्हर हातात आल्यावर सल्लागार जमले. शेजारचे काका म्हणाले, "गरम पाण्यात दोन चमचे कॉस्टिक सोडा घाल गा, सगळं निघतंय की." काकांचा सल्ला लोखंडाच्या गजासाठी उत्तम होता. ॲल्युमिनियमला मात्र कॉस्टिक सोडा खातो, हायड्रोजन सोडत फसफसून खातो. बॉक्साइटमधून ॲल्युमिना विरघळवून वेगळा काढण्याची बायर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८च्या सुमारास बसवलेली पद्धतही कॉस्टिक सोड्यावरच चालते. हे मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि ते पेपर घेऊन आत गेले.

मी रंग काढायचे जेलीसारखे रसायन आणले, हातमोजे घातले आणि मोकळ्या हवेत बसलो. आतली बाजू, ऑइलच्या वाटा आणि सांध्यातून ऑइल गळू न देणारे गास्केट बसते ती कड मास्किंग टेपने झाकली होती; ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेसारख्या गोल खिडकीवरही टेप होती, पण तिची एक कड सुटली होती. ती खिडकी काचेची नसून प्लॅस्टिकची आहे, हे मला एका थेंबाने शिकवले. रंग सुरकुतून वर आला, तसा त्या खिडकीवर कायमचा मोतीबिंदूही आला.

पुढचे दोन दिवस घासण्यात गेले. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंजाच्या रेषा काढायच्या, २२०ने १२०चे ओरखडे काढायचे, ४००ने २२०चे. पूर्वी दुकानांचे बोर्ड मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच वळणदार अक्षरांत रंगवणारे आणि आता गाड्यांना स्प्रे मारणारे एक पेंटरमामा आहेत, त्यांना मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कव्हर दाखवले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेच नाही. अंगठ्याचे नख सगळीकडून फिरवले आणि म्हणाले, "हितं अडतंय. अजून घास गा." डोळ्यांना सपाट वाटणारी कड नखाला कळते, आणि ती कड राहिली तर रंगाखालूनही दिसते. मी अजून घासले.

मधल्या काळात पावडर कोटिंगचा मोहही झाला. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो, तर मालक कन्नडमध्ये "स्वल्प तडीरी", म्हणजे जरा थांबा, म्हणून फोनवर गेले आणि परतल्यावर त्यांनी अगदी सरळ सांगितले की ही पावडर १८० ते २०० अंशांना भाजावी लागते, तेव्हा आधी रबरी ऑइल सील आणि खिडकी काढून आणा. आणि डायकास्टच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, बारीक छिद्रांत मुरलेले ऑइल आणि हवा त्या उष्णतेत बाहेर येऊन कोटिंगला टाचणीएवढी भोके पाडतात, म्हणून नुसता धातू आधी एकदा भाजून घ्यावा लागेल. मला गिऱ्हाईक नाकारणारा कारागीर नेहमीच भरवशाचा वाटत आला आहे. सील काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून रंगावरच आलो.

ॲल्युमिनियम घासून उघडे केले की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर पुन्हा धरतो. तोच त्याला वाचवतो आणि तोच रंगाला नीट चिकटू देत नाही. म्हणून थिनरने पुसल्यावर बोटही न लावता, त्याच दिवशी, धातूला किंचित खाऊन धरणारा आम्लयुक्त एच (etch) प्रायमर द्यावा लागतो. त्यासाठी कोरडे ऊन हवे. दमट हवेत मारलेला रंग दुधाळ पडतो. मी आठ दिवस आभाळाकडे पाहत बसलो. ऊन पडले त्या दुपारी प्रायमर आणि इंजिनासाठीच्या काळ्या रंगाचे तीन पातळ हात मिळून प्रत्यक्ष रंगकाम, मधली वाट पाहणे सोडले, तर पंधरा मिनिटांचेही भरले नाही.

हा रंग उष्णतेने पक्का होतो. साधारण शंभर अंश पुरतात, हे ऐकून माझी नजर स्वयंपाकघरातल्या ओव्हनकडे गेली, आणि आईची नजर माझ्याकडे. त्या वासाच्या ओव्हनमध्ये पुन्हा कोणी काही खाण्याचे भाजू नये हेही खरेच असल्याने मी वाद घातला नाही. रंग काही दिवस उन्हात वाळू दिला आणि उरलेले काम इंजिनावर सोपवले.

जुने गास्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले, कव्हर नेमके बसवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिन जागेवर असल्याची खात्री केली, नवे गास्केट लावले आणि कुंद्याच्या झाकणावरून एकेक बोल्ट उचलत, समोरासमोरचे आळीपाळीने, १० न्यूटन मीटरवर आवळले. नवे ऑइल भरले. इंजिन आधी दहा मिनिटे चालवून गार होऊ दिले, मग वीस मिनिटे, मग राजहंसगडापर्यंत एक फेरी. पहिल्या फेरीत थोडा वास आला, नंतर तोही गेला. सकाळी गाडीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एकही थेंब नव्हता. पातळी मात्र मोतीबिंदूमुळे टॉर्च लावूनच पाहावी लागते.

खंडेनवमीला अजून दहा दिवस आहेत. उजवी बाजू इतकी काळीभोर झाली आहे की कालपर्यंत बरी दिसणारी डावी बाजू एकदम कळकट दिसू लागली, आणि तिच्या खालच्या कडेला नखाएवढा एक फोडही सापडला. त्या कव्हराची आकृती वेगळी आणि बोल्टही वेगळे, म्हणजे खोकेही वेगळे लागणार. तेव्हा आज संध्याकाळी जाऊन आधी अर्धा किलो कुंदा आणला पाहिजे.